आजोबांचा सॅक्सोफोन मोडीत घालण्यापूर्वी

चोर्ला घाटाखाली डिचोलीला, सावंतवाडीपलीकडे पेडण्याला आपल्यापैकी अनेकांच्या सोयरिकी आहेत. तिकडे देवळात सनई-चौघडा आणि आरतीला घुमट-शामेळ. गोव्यातल्या जुन्या चर्चशाळांत मात्र पाश्चात्त्य संगीत शिकवत. तिथे शिकलेले कितीतरी वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. अशा एखाद्या वादकाचा सॅक्सोफोन माळ्यावर सापडला, की घरचे म्हणतात, "पितळच ते!" कन्नडमध्ये 'हित्ताळे'. आणि तो किलोच्या भावाने मोडीत जातो.

वाचकहो, थोडे थांबा. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ मध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य पितळेचे असले, तरी सनईसारखेच पत्तीवर वाजते. आधी त्याच्यावर कोरलेली अक्षरे वाचा. कर्णावर निर्मात्याचे किंवा विक्रेत्याचे नाव असते, मागे अंगठ्याच्या आधाराजवळ क्रमांक. क्रमांकावरून बहुधा साल कळते. सेल्मरचा नावाजलेला 'मार्क सिक्स' १९५४ पासून वीसेक वर्षे निघाला. मेरठचे नाव असेल, तर वाद्य देशी. तिथे १८८५ मध्ये स्थापन झालेली नादिर अली कंपनी बँडची वाद्ये बनवते.

अनेक जुन्या अमेरिकन वाद्यांवर क्रमांकाजवळ 'एल' किंवा 'एच' असते. 'एल' म्हणजे आजची ४४० ची पट्टी. 'एच' म्हणजे साधारण ४५७ ची चढी पट्टी. ते इतर वाद्यांशी जुळत नाही. विकत घेताना इथेच पितळ उघडे पडते!

चिंच-मिठाने घासू नका, कोरीव अक्षरे झिजतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याची पॅड फुगतात, स्प्रिंगांना गंज चढतो. कारागीर अंधारात नळीत छोटा दिवा सोडतो. जिथून उजेड गळतो, तिथून हवाही गळते. ती पॅड बदलून लाखेने बसवतात. मानेवरचे बूच झिजले असेल, तर तेही नवे लावतात. एवढ्याने पुष्कळ वाद्ये पुन्हा बोलू लागतात.

कद्री गोपालनाथ नागस्वरवादकांच्या घरातले. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि तो कर्नाटक संगीतात रुजवला. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले. आज दक्षिण कन्नडात देवळात आणि लग्नमंडपात हे वाद्य मंगलवाद्य म्हणून वाजते. परक्या वाद्याला आपण असे घरात घेतले. मग घरातल्याच वाद्याला मोडीत का घालावे?