पैसे फेरीचे की दुरुस्तीचे?

मिस्त्री येतो, फ्रिज उघडून पाहतो, ‘पार्ट घेऊन येतो’ म्हणतो आणि व्हिजिटचे ३०० रुपये घेऊन जातो, तो परत येतच नाही. ही तक्रार आम्ही घरोघरी ऐकतो. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही मुलांना देतो, पण काम अर्धवट राहिलं तर?

फिकहमध्ये दोन करार आहेत. ‘इजारा’ म्हणजे ठरलेल्या वेळेची वा कामाची मजुरी. ‘जुआला’ म्हणजे काम तडीस गेल्यावरच मोबदला. म्हणून बोलावतानाच विचारून घेऊ. पावती मागू. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सूरह माइदा करार पाळण्याच्या आदेशानेच सुरू होते. फेरीचे पैसे ठरले असतील तर ते आपण बुडवायचे नाहीत. दुरुस्तीचे घेतले असतील तर मिस्त्रीने ती अर्धी सोडायची नाही.