अर्धवट उत्तर

परवा नातीचं विज्ञानाचं पुस्तक चाळत होते. रेणूंमधलं आकर्षण स्थायूत जास्त, द्रवात कमी, वायूत अगदीच कमी... वर्षानुवर्षं मीही हेच शिकवलं. मी खरं तर मराठीची बी.ए., पण विज्ञानाचे सर रजेवर असले की सातवीचा तास माझ्या गळ्यात पडायचा.

अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, रेणू एकमेकांना ओढतात, तर सगळं आकसून ठिपक्याएवढं का होत नाही?"

मला उत्तर येत नव्हतं. "परीक्षेला नाही ते," म्हणून मी त्याला खाली बसवलं. वर्ग हसला. त्यानंतर त्याने माझ्या तासाला काही विचारल्याचं आठवत नाही.

उत्तर मला निवृत्तीनंतर वाचनात सापडलं. रेणू थोडे दूर असले की एकमेकांना ओढतात, पण फार जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन एका जागेत मावत नाहीत आणि तेच रेणू एकमेकांना जोराने ढकलतात. ओढणं आणि ढकलणं जिथे सारखं होतं, त्या अंतराच्या आसपास ते थरथरत राहतात. म्हणून मेणाचा गोळा विखरत नाही आणि आकसून नाहीसाही होत नाही. म्हणजे पोराने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं!

या विषयातलं मोठं नाव म्हणजे योहानेस व्हान डर वाल्स. १८३७ साली हॉलंडमध्ये सुताराच्या घरी जन्मलेला हा माणूस आधी साधा शाळामास्तर होता. लॅटिन-ग्रीक येत नसल्याने विद्यापीठाच्या परीक्षांना बसता येईना. पुढे नियम सैल झाला आणि १८७३ साली त्याने प्रबंध लिहिला. त्यात दोन्ही गोष्टी होत्या : रेणू एकमेकांना ओढतात आणि प्रत्येक रेणू स्वतःची जागा अडवून बसतो. १९१० साली त्याला नोबेल मिळालं.

माझं म्हणणं एवढंच, की आकर्षण शिकवताना प्रतिकर्षणाचंही एक वाक्य सांगावंच. सातवीत इलेक्ट्रॉन नकोत, बिनसुईची सिरिंज पुरे. तिच्यात हवा भरून तोंड बोटाने बंद करा, दट्ट्या बराच आत जातो. मग बुडबुडा न ठेवता पाणी भरा. कितीही दाबा, दट्ट्या हलल्यासारखा वाटत नाही. पाण्याचे रेणू आधीच एकमेकांना खेटून असतात, त्याहून जवळ यायला ते तयार नसतात. मुलांच्या बोटांनाच ते कळतं.

आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते" म्हणावं. हे वाक्य मला नोकरीत कधी जमलं नाही. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, पण द्यायचं कुणाला?