टॉवर फुल, तरी चक्र फिरते

नोव्हेंबर आला की आमच्या बँकेच्या काउंटरवर पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ची डिजिटल सोय आहे आणि २०२१ पासून मोबाइलला चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो. तरीही गेल्या नोव्हेंबरात दांडिया बाजारातल्या ऐंशी वर्षांच्या एक काकू रिक्षा करून आल्या. नातवाने दोन दिवस खटपट केली होती. काकू म्हणाल्या, “अरे बाळा, टॉवर तर फुल दाखवतो. मग ते चक्र का फिरत राहतं?” दाखला आम्ही करून दिला, प्रश्न मात्र आमच्याकडे राहिला.

वाचकहो, आपल्या मंडळाच्या बैठकीतही हल्ली स्वस्त रिचार्ज कोणाचे आणि वेग कोणाचा जास्त, यावर वाद रंगतात. एक जिओ म्हणतो, दुसरा एअरटेल, तिसरा व्होडाफोन-आयडिया, तर चौथा बीएसएनएल. जो तो आपल्या फोनवरचा मोठा आकडा पुढे करतो. आमचे स्पष्ट मत असे की, मोठ्या आकड्याची ही तुलना आपल्या कामाची नाही.

आम्ही पडलो कॉमर्सवाले. खात्यातली महिन्याची सरासरी शिल्लक वीस हजार असेल, पण चेक आला त्या दिवशी पाचशेच असतील, तर चेक परत जातो. चेक सरासरीवर वटत नाही. नेटचेही तसेच आहे. समजा, एका कंपनीचा वेग सकाळी सहाला ६० एमबीपीएस आणि रात्री नऊला अर्धाच. दुसरीचा सकाळ-संध्याकाळ ६. सरासरीत पहिली तिसाच्या वर जाते, दुसरी सहावरच राहते. पण मुलीचा व्हिडिओ कॉल रात्री नऊलाच येतो, आणि त्याला एक-दोन एमबीपीएस पुरतात. मग घरासाठी चांगली कोणती? सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. म्हणून कंपनी निवडताना वेग दोनच्या खाली किती वेळा जातो, हे पाहावे.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. फोनवरच्या काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. बँकेचा काउंटर दारातून उघडा दिसतो, पण पुढे साठ माणसे उभी असतील तर आपले काम लगेच होत नाही. संध्याकाळी एकाच टॉवरवर सगळी गल्ली सिनेमा पाहते तेव्हा हेच होते. दुसरे कारण आपल्या वाड्यांच्या जाड भिंती. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्ह-जी सुरू झाले. त्यातल्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग भरपूर देतात, पण भिंतीपाशी दमतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी घरात खोलवर शिरतात, परंतु २०२२ च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी त्या एकट्या जिओने घेतल्या. तिसरे कारण, जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो. दाखल्यासाठी चेहऱ्याचा फोटो पाठवावा लागतो, म्हणजे तिथे अपलोडचा वेग लागतो आणि तो बहुधा बराच कमी असतो. शिवाय स्वस्त फोनमध्ये सगळ्या लहरी पकडण्याची सोय असतेच असे नाही. दोन सिमची तुलना दोन वेगळ्या फोनवर केली, तर ती सिमची तुलना राहतच नाही.

नात्यातल्यांच्या सल्ल्याचेही तसेच. पुण्याचा भाचा किंवा इंदूरचे मेहुणे सांगतात म्हणून सिम बदलू नये. दूरसंचारासाठी देशाची २२ परिमंडळे आहेत. बडोदे गुजरातेत, इंदूर-ग्वाल्हेर मध्य प्रदेशात, बेळगाव कर्नाटकात, आणि गोवा मात्र महाराष्ट्र परिमंडळात. लहरींचा लिलाव परिमंडळवार होतो, त्यामुळे एकाच कंपनीची ताकद ठिकठिकाणी वेगळी असते. इतकेच काय, रावपुऱ्यात जे चालते ते वाडीत चालेलच असे नाही.

“स्वस्तात घेतले की असेच मिळायचे,” असे काहीजण म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, ते पेन्शनरांनीही भरले. पण दोष आपल्याकडेही आहे. गल्लीत टॉवर उभा राहणार म्हटले की विरोधाच्या अर्जावर सह्या करणारे आपणच, आणि वेग नाही म्हणून ओरडणारेही आपणच. टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा भारताने २०१२ मध्येच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली होती, हे सही करण्यापूर्वी आठवावे.

आमची सूचना साधी आहे. मंडळाने एक वही घालावी. प्रत्येक गल्लीतल्या दोन-तीन घरांनी सात दिवस, सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता, एकाच फोनवर, माजघरात बसून वेग मोजावा. ‘ट्राय’चे ‘मायस्पीड’ हे ॲप २०१६ पासून आहे. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही लिहावे आणि सर्वांत कमी आकडा लाल शाईने लिहावा. २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना संकेतस्थळावर आपल्या सेवेचे नकाशे दाखवावे लागतात. आपली वही त्या नकाशाशेजारी ठेवली की फरक आपोआप दिसेल.

मग ज्याला जमेल त्याने १९०० वर संदेश पाठवून कंपनी बदलावी. तक्रार करायची तर आधी कंपनीकडे करून क्रमांक घ्यावा, नंतर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे. ग्राहक न्यायालयाचे दारही उघडे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि मते मागायला येणाऱ्या उमेदवारापुढे गटार-पाण्याच्या यादीबरोबर ही वहीही ठेवावी. एकट्याची तक्रार कुरकुर ठरते. चाळीस घरांच्या नोंदी बाजूला सारणे अवघड जाते.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. राजवाड्याजवळच्या शाळेतली मुले मोजून ते थांबले नाहीत, दूरच्या गावातले मूलही त्यांनी हिशेबात धरले. आज पेन्शन, गॅस, बँक सारेच मोबाइलवर आले आहे, तेव्हा मोजणी माजघरातूनच व्हायला हवी. वहीची सुरुवात येत्या बैठकीत करू. पुढच्या नोव्हेंबरात काकूंना रिक्षा करावी लागू नये.