ट-वर्ग सापडेल का?

मंडळी, मागच्या वेळी याच सदरात मी तुम्हाला बजावलं होतं की मोबाइलमधले फोटो निदान दोन ठिकाणी ठेवा. आता त्याच तोंडाने कबूल करतो, की माझं स्वतःचं वीस वर्षांचं काम मी धड एका ठिकाणीही ठेवलेलं नाही. हे उघडकीला आलं ते माझ्या भाचीमुळे.

ती डिझाइन शिकते. कॉलेजात त्यांना विषय दिला होता, जुनं इंटरॲक्टिव्ह काम. एका रविवारी सकाळी फोन आला, "मामा, तू मल्टिमीडियावाला होतास ना? तुझं सगळं काम मला पाठव. लिंक दे फक्त."

लिंक! मी हसलो, पण फोन ठेवल्यावर हसू गेलं. शाळांसाठी सीडी, एका संग्रहालयातला टचस्क्रीन, आपल्या मंडळाची पहिली वेबसाइट, दोन-चार दुकानांच्या साइट्स, एका लग्नाची साइटसुद्धा (आमंत्रणाबरोबर सनई वाजायची, आणि लोक ती ऑफिसात उघडून पंचाईत करून घ्यायचे). यातलं आज एक तरी उघडतं का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

भाची शनिवारी बडोद्याला आली आणि आम्ही माळा उपसला.

वेबसाइट्सपासून सुरुवात केली, कारण ते सोपं वाटलं. तुमच्यापैकी जे विशीत आहेत त्यांना फ्लॅश म्हणजे ‘तो शाळेत असतानाचा गेम’ एवढंच आठवत असेल. फ्लॅशचा जन्म गंमतशीर आहे. जोनाथन गे नावाच्या माणसाने पेनने चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम केला होता. ते कॉम्प्युटर काही चालले नाहीत, मग त्याच प्रोग्रॅमला हलती चित्रं जोडून १९९६ मध्ये तो ‘फ्यूचरस्प्लॅश’ म्हणून आला. त्या वर्षाच्या शेवटी मॅक्रोमीडियाने तो विकत घेतला आणि नाव ठेवलं फ्लॅश. त्याची खुबी अशी, की तो चित्राचा ठिपका न् ठिपका साठवत नसे. वर्तुळ असेल तर मध्य कुठे, केवढं, कुठला रंग, एवढंच. त्यामुळे फाइल एवढीशी व्हायची. घरात टेलिफोनच्या तारेवरून ५६ केबीपीएसचं नेट यायचं आणि तेवढा वेळ फोन अडकायचा, त्या काळात हे वरदानच होतं.

आम्हा मराठीवाल्यांना फ्लॅश आवडायचं आणखी एक कारण होतं, ते मात्र कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही. तेव्हा युनिकोड सगळीकडे पोचलं नव्हतं. मराठी लिहायचं म्हणजे एखाद्या कंपनीचा फाँट घ्यायचा, आणि तो फाँट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसला की ‘गणपती’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. फ्लॅशमध्ये अक्षरांची आकृतीच करून फाइलमध्ये बसवता येई. मग अमेरिकेतल्या आत्याला आणि मांडवीतल्या काकांना तेच, तसंच मराठी दिसे. तोटा नंतर कळला. आकृती झालेलं अक्षर हे अक्षर राहत नाही, ते चित्र होतं. शोधून सापडत नाही, कॉपी होत नाही. मंडळाच्या पहिल्या साइटवर तीन वर्षांचे कार्यक्रम मी मोठ्या हौसेने टाकले होते, त्यातली एक ओळही आज शोधयंत्राला वाचता येणार नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आयफोनवर फ्लॅश कधीच आलं नाही, एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने ते का नको यावर जाहीर पत्रच लिहिलं. तोवर फ्लॅश अडोबीकडे गेलेलं होतं. त्यांनी २०१७ मध्ये सांगून टाकलं की २०२० नंतर बंद, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःच फाइली चालवणं थांबवलं. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म तेव्हाही फ्लॅशमध्येच होते. त्यांनी त्या महिन्यात केवळ ते फॉर्म उघडावेत म्हणून स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला! मला ही बातमी वाचून फार बरं वाटलं होतं. म्हणजे आपण एकटेच नाही.

भाचीने मात्र पाच मिनिटांत मला गप्प केलं. ‘रफल’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, तो जुनी फ्लॅश फाइल आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. इंटरनेट आर्काइव्हनेही नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच आधाराने जुन्या फ्लॅश फाइली जपायला घेतल्या. माझ्या एका जुन्या हार्डडिस्कवर मंडळाच्या साइटची फाइल होती. तिने ती उचलून नुसती टाकली, आणि एका रेषेत काढलेला गणपती पडद्यावर उमटायला लागला. कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’. "मामा, हे बटण कोणी दाबत असेल का?" सगळे दाबायचे, बाई. मी सोडून सगळे.

माझी स्वतःची कामं दाखवणारी साइट मात्र गेली ती गेलीच. फाइल चालते, पण आतला मजकूर आणि चित्रं ती सर्व्हरवरून मागवते, आणि त्या पत्त्याचे पैसे मी कधीच भरणं सोडलं. त्यामुळे ‘लोडिंग’ची पट्टी भरते आणि मागे काहीच येत नाही. संग्रहालयातल्या टचस्क्रीनचा तर एक फोटो तेवढा आहे, त्यातही स्क्रीनपेक्षा फीत कापणारे पाहुणेच जास्त आहेत.

दुपारी जेवणं झाल्यावर सीड्यांच्या डब्याकडे वळलो. खरं सांगायचं तर मी ते लांबवत होतो.

त्यात १९९८ सालची एक सीडी आहे, मुलांना मुळाक्षरं शिकवणारी. बडोद्यातल्या आपल्या घरांमधली अडचण तुम्हाला सांगायला नको. पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती लिहितात, आणि मराठी लिहायला बसली की शिरोरेखा विसरतात. गुजराती लिपीला डोक्यावरची रेघच नाही, त्यात मुलांचा काय दोष. माझी आई मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचा त्रागा ऐकून मी म्हटलं, आपण सीडीच करू. तिने बोरूने सगळी अक्षरं लिहून दिली आणि उच्चारही तिनेच केले.

ती सीडी मॅक्रोमीडिया डायरेक्टरमध्ये केली होती. डायरेक्टर म्हणजे अक्षरशः नाटक होतं. पडद्याला म्हणायचं स्टेज, चित्रं आणि आवाज म्हणजे कास्ट, कोणी कधी यायचं ते लिहायची वही म्हणजे स्कोअर. लिंगो ही त्याची भाषा. त्यातली माझी सगळ्यात लाडकी ओळ म्हणजे ‘गो टू द फ्रेम’. अर्थ असा, की जिथे आहेस तिथेच परत जा. ती ओळ लिहिली की पडदा थांबून राहायचा, मूल बटण दाबेपर्यंत.

अक्षर लिहून दाखवायची एक युक्ती होती. आईने लिहिलेलं पूर्ण अक्षर स्कॅन करायचं, मग शेवटाकडून थोडं थोडं खोडत दहा-बारा चित्रं करायची आणि ती उलट क्रमाने लावायची. अक्षर आपोआप लिहिलं जातंय असं वाटतं. शिरोरेखा सर्वांत शेवटी यायची, आणि तिथे आई म्हणायची, "आता वरून रेघ!"

शाळेतल्या कॉम्प्युटरला मेमरी १६ एमबी. सगळं एकदम भरलं तर तो बसायचा. म्हणून मी कास्टच्या सात वेगळ्या फाइली केल्या: स्वरांची एक, मग क, च, ट, त, प या वर्गांची एकेक, आणि ‘य’पासून ‘ज्ञ’पर्यंत एक. जो वर्ग उघडला तेवढाच मेमरीत यायचा. तेव्हा ही हुशारी फक्त वेगासाठी होती. ती पुढे अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

एकूण २०० सीड्या आम्ही एकेक करून लिहिल्या. एका सीडीला वीस-पंचवीस मिनिटं लागत आणि तेवढा वेळ माउसला हात लावायचा नाही, नाहीतर सीडी वाया. मंडळाच्या गणेशोत्सवात टेबल मांडून विकल्या. वर छापील कागदी लेबलं चिकटवली होती मी, आई नको म्हणत असताना. "नुसतं पेनाने नाव लिही की," असं तिचं म्हणणं होतं.

आई बरोबर होती. माझ्याकडे तीन प्रती निघाल्या. लेबलवाल्या दोन ड्राइव्हने ओळखल्याच नाहीत. सीडीत माहिती असते ती लेबलच्या बाजूला, अगदी वरच्या पातळ थराखाली, आणि चिकटवलेला कागद तो थर वर्षानुवर्षं ओढत राहतो. पेनाने नाव लिहिलेली तिसरी, चाचणीची प्रत, ती कण्हतकुथत वाचली गेली. भाचीने आधी तिची पूर्ण नक्कल हार्डडिस्कवर उतरवून घेतली. जे भाग वाचले जात नाहीत तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा एक प्रोग्रॅम असतो, तो रात्रभर चालू ठेवला.

पण नक्कल मिळाली तरी सीडी चालेना. तिचा प्रोग्रॅम १६ बिटांचा, आणि आजचं ६४ बिटांचं विंडोज असल्या प्रोग्रॅमला दारातही उभं करत नाही. मग लॅपटॉपच्या आत एक जुना कॉम्प्युटर असल्याचा देखावा उभा केला, त्यात विंडोज ९८ चढवलं. तर सीडी म्हणे, क्विकटाइम टाका! सुदैवाने सीडीतच त्याचा फोल्डर ठेवला होता, तेव्हा ठेवावाच लागायचा.

रविवारी दुपारी, एवढ्याशा चौकोनी खिडकीत, पिवळ्या मागच्या रंगावर ‘अ’ उमटला आणि आईचा आवाज आला.

आई गेली तेव्हा भाची सात वर्षांची होती. तिला आजी आठवते ती आजारपणातली, हळू बोलणारी. हा खणखणीत शाळेतला आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. "ही आजी?" एवढंच म्हणाली. मग दोघंही काही बोललो नाही. पडदाही ‘अ’वर थांबून होता.

आम्ही क-वर्ग पाहिला, च-वर्ग पाहिला. ‘ट’ दाबला आणि सगळं गोठलं. त्या फाइलवरच सीडी खराब झाली होती. रात्रभराच्या प्रयत्नांतही ती आली नव्हती. त, प आणि पुढचं सगळं चाललं. एकच मोठी फाइल केली असती तर बहुधा काहीच हाती लागलं नसतं.

‘ज्ञ’च्या शेवटी मात्र एक भलतंच निघालं. रेकॉर्डिंग मे महिन्यात घरीच केलं होतं, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद करून. शेवटचं अक्षर म्हणून झाल्यावर आई विचारते, "झालं का रे? पंखा लाव आता." ते कापायचं माझ्याकडून राहिलं होतं. तेव्हा एका पालकांनी येऊन तक्रार केली होती, आणि पुढच्या आवृत्तीत काढतो असं मी त्यांना सांगितलं होतं. पुढची आवृत्ती काही निघाली नाही.

आता भाची हे सगळं आजच्या ब्राउझरमध्ये, मोबाइलवर चालेल असं नव्याने बांधते आहे. अक्षरं आईचीच, आवाज आईचाच, मजकूर युनिकोडमध्ये. पंख्याचं वाक्य कापायचं नाही असं तिने मला आधीच बजावलंय. ट-वर्गासाठी काय करायचं यावर आमचं एकमत नाही. ती म्हणते दुसऱ्या कोणाचा तरी आवाज घेऊ, माझं म्हणणं जागा तूर्त रिकामी ठेवू.

म्हणून तुम्हाला विचारतो. १९९८ च्या गणेशोत्सवात तुमच्या आजी-आजोबांनी किंवा आईबाबांनी ती सीडी घेतली असेल, तर कपाटात, ऑडिओ कॅसेटच्या खोक्यात, कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात एकदा बघा. पिवळं गोल लेबल, त्यावर लाल ‘अ’. सापडली तर लेबल सोलू नका, सोललं तर माहितीचा थरही त्याबरोबर येईल. पुसायचीच असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. चालवून पाहायचा मोह टाळा, तशीच पाकिटात घालून मंडळाच्या कार्यालयात द्या. मी दर शनिवारी संध्याकाळी तिथे असतो. नक्कल उतरवून मूळ सीडी तुमची तुम्हाला परत करीन, बरोबर बाकीची अक्षरंही देईन.