वसई-विरार : वस्ती वाढली, सुविधांचे काय?

सकाळच्या विरार लोकलमध्ये कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी, मालवणी, गुजराती, भोजपुरी अशा अनेक बोली एकाच वेळी कानी पडतात. विरारहून मुंबईकडे लोकल धावू लागली ती १८६७ साली. केळी, फुले, भाजीपाला आणि मासळी मुंबईला पुरविणारा हा हरित पट्टा गेल्या काही दशकांत मुंबईच्या चाकरमान्यांचा निवारा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती. त्यानंतरची वाढ तर आपण रोजच पाहत आहोत.

वसईला विविधता नवी नाही. सोपाऱ्याचे प्राचीन बंदर, अशोकाचे शिलालेख, पोर्तुगिजांची राजवट, १७३९ मधील चिमाजी अप्पांची मोहीम या साऱ्यांच्या खुणा या भूमीवर आहेत. त्यामुळे 'बाहेरच्यांमुळे वसई बिघडली' हे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मुंबईत घर न परवडल्याने येथे आलेले कुटुंब आणि आपली वाडी राखू पाहणारा शेतकरी हे दोघेही एकाच नियोजनशून्यतेचे बळी आहेत.

१९९० मध्ये सिडकोकडे नियोजनाची सूत्रे आली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने पाणी व हिरवाई यांचा प्रश्न मांडला. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली. गावांनी त्यास विरोध केला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि २०२४ मध्ये तो फिरविला. जून २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ पालिकेचा कारभार लोकप्रतिनिधींविना प्रशासकाहाती राहिला. दाद कोणाकडे मागावी, हाच नागरिकांपुढील पेच होता.

सुविधांच्या बाबतीत काही पावले निश्चितच पडली आहेत. सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारसाठी प्रतिदिन १८ कोटी ५० लाख लिटर पाण्याची तरतूद झाली व २०२३ च्या अखेरीस ते पाणी येऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. परंतु पाणी येणे एक आणि जाणे दुसरे. पावसाचे पाणी साठविणारी बावखले बुजली, मिठागरांवर व पाणथळीवर भराव पडले. जुलै २०१८ मध्ये रूळ पाण्याखाली जाऊन लोकल ठप्प झाली, तो त्याचाच परिणाम होय.

याहून गंभीर प्रश्न आरक्षित भूखंडांचा आहे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या प्रारंभी त्या पाडण्यात आल्या. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली ती कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारमध्ये बेकायदा इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. सुविधेची जागा गिळली जाते तेव्हा शहर आपले रुग्णालय, मैदान, मलनिस्सारण गमावते आणि गरीब माणूस आपले घर.

म्हणून प्रत्येक प्रभागात आरक्षित भूखंडांचा नकाशा दर्शनी भागी लावावा, उरलेल्या बावखलांची नोंद व्हावी आणि घर घेण्यापूर्वी परवानगी तपासण्यास सामान्य माणसाला साहाय्य मिळावे. ही मागणी भूमिपुत्र आणि नवागत यांनी एकत्र येऊन केली पाहिजे. पुराचे पाणी घरात शिरताना कोण कोठून आला हे विचारत नाही.