यंत्रासही भाषेचें भान हवें

थळच्या मुलाला दिवसांतून तीन प्रकारें बोलावें लागतें. घरीं आगरी अथवा कोळी बोली, शाळेंत पुस्तकी मराठी, आणि इंग्रजीच्या तासाला इंग्रजी. उंबरठा ओलांडतांच त्याची जीभ आपोआप वळते. तिला कोणी आठवण द्यावी लागत नाहीं. परंतु हाच मुलगा संगणकापुढें प्रोग्रॅम लिहावयास बसला कीं त्याची ही सहजता संपते. असें कां व्हावें, याविषयीं विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें चार शब्द मांडण्याचें योजिलें आहे.

संगणकास द्यावयाच्या आज्ञांची जी मालिका तिला प्रोग्रॅम म्हणतात, आणि ती ज्या साधनांत लिहितात त्यास एडिटर. हा एडिटर पाटीसारखा मुका नसतो. लिहिलेला मजकूर पायथन, सी, एचटीएमएल यांपैकीं कोणत्या भाषेंत आहे, हें तो बहुधा फाइलीच्या नांवाच्या शेवटावरून ओळखतो व त्याप्रमाणें आपल्या मेनूंतील आज्ञा आणि कळांचीं कामें बदलतो. एखादी ओळ यंत्रासाठीं नसून केवळ वाचणाराकरितां टीप आहे असें दर्शविण्यास पुष्कळ एडिटरांत कंट्रोल व तिरप्या रेघेची कळ एकदम दाबतात. त्याच कळा पायथनमध्यें ओळीच्या आरंभीं चौकटीची फुली घालतात, सीमध्यें दोन तिरप्या रेघा घालतात, आणि एचटीएमएलमध्यें मजकुराच्या दोन्ही अंगांस निराळींच चिन्हें बसवितात. चांगला खलाशी मासेमारीच्या जागीं जाळें व बंदरांत नांगर न सांगतां पुढें करतो, तशांतलाच हा प्रकार होय.

आतां अडचण पाहा. समजा, एका मुलानें मासळी विकणाऱ्या आपल्या आईसाठीं हिशेबाचा लहानसा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. आईस इंग्रजी येत नाहीं. म्हणून ‘एकूण किंमत’ हे शब्द पडद्यावर मराठींतच उमटले पाहिजेत. परंतु इन्स्क्रिप्ट नांवाचा मराठीचा प्रमाण कळफलक चालू करतांच दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागीं ‘ठ’ येतो, अपूर्णविरामाच्या जागीं ‘छ’ येतो, व बरोबरीच्या चिन्हाच्या जागीं ऋकाराची खूण येते. म्हणून अवतरण उघडलें कीं मराठी, मिटलें कीं पुन्हां इंग्रजी, अशी एका ओळींत दोनदां अदलाबदल करावी लागते. अशा वीस ओळी झाल्या म्हणजे चाळीस वेळां! विम नांवाच्या एडिटरांत ‘डी’ ही कळ दोनदां दाबली असतां ओळ खोडली जाते. परंतु मराठी कळफलक चालू राहिला असल्यास त्याच कळेवर हलन्ताची खूण असते, आणि ओळ जागची हालत नाहीं. मुलगा कंटाळतो व तेच शब्द रोमन लिपींत लिहून मोकळा होतो. आईसाठीं केलेला हिशेब आईसच वाचतां येत नाहीं.

ईमॅक्स हा १९७६ पासूनचा व विम हा १९९१ पासूनचा, असे दोन जुने एडिटर आहेत. त्यांत मराठी कळफलक एडिटरच्या आंतच चालू करण्याची सोय आहे. त्यायोगें मजकूर मराठींत उमटतो आणि आज्ञांच्या कळा आपापल्या जागीं राहतात. अर्धें काम झालें. परंतु अदलाबदल अजून लिहिणारानेंच करावयाची. आमचें म्हणणें असें कीं, पुढचें पाऊलही यंत्रानेंच टाकावें. अवतरणांतील मजकूर एडिटर वेगळ्या रंगांत दाखवितो. म्हणजे आपण कोठें लिहीत आहों, हें त्यास ठाऊक असतें. मग तेथें शिरतांच मराठी व बाहेर पडतांच इंग्रजी कळफलक त्यानें कां पुढें करूं नये? यंत्राचा तर्क चुकेल, असा आक्षेप कोणी घेतील. तो खरा आहे. म्हणून चालू कळफलक पडद्यावर नेहमीं दिसावा, आणि यंत्राचा निर्णय फिरविण्यास एक कळ हातीं असावी.

मेनूंतील शब्द मराठींत अवश्य असावेत. मात्र त्यापायीं कळा हलवूं नयेत. स्पॅनिश भाषेच्या वर्डमध्यें ठळक अक्षरांसाठीं त्या भाषेंतील शब्दाचें आद्याक्षर धरून कंट्रोल व ‘एन’ ही जोडी ठेविली आहे. तेथें सरावलेला मनुष्य इंग्रजी वर्डपुढें बसून ती दाबील, तर अक्षर ठळक न होतां नवें कोरें पान उघडेल. कळ बोटाच्या सवयीची असते. तिचें नांव बदलावें, जागा बदलूं नये.

प्रोग्रॅमाची भाषा इंग्रजीच, मग मराठीचा हट्ट कशास, असें कित्येक पालक विचारतील. इंग्रजी उत्तम यावी, याविषयीं दुमत नाहीं. परंतु प्रोग्रॅम ज्यांच्या उपयोगासाठीं लिहावयाचा त्यांच्याशीं तो त्यांच्या भाषेंत बोलला पाहिजे. पायथननें तर तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरी अक्षरांत दिलेलीं नांवेंही मान्य केलीं आहेत. दार उघडें आहे. आंत जाण्याचा आळस आपलाच.

विद्यार्थ्यांनीं यंत्र सुधारण्याची वाट पाहत बसूं नये. १९९१ मध्यें भारतीय मानक ठरलेला इन्स्क्रिप्ट आजच शिकावा. त्यांत स्वर डाव्या हातीं व बहुतेक व्यंजनें उजव्या हातीं आहेत. ‘क’ ज्या कळेवर मराठींत, त्याच कळेवर गुजरातींत. ‘त’ची कळ शिफ्टसह दाबली कीं ‘थ’, आणि ‘ल’ची तशीच दाबली कीं ‘ळ’. दोन कळांत आपल्या गांवाचें नांव लिहून झालें! आरंभ तेथूनच करावा. आणि तुमच्यांतील जो कोणी पुढें स्वतः एडिटर घडवील, त्यानें आईच्या हिशेबाची ती ओळ विसरूं नये.