भत्त्यांची टोपली कुणाच्या फायद्याची?

मोठ्या कंपन्यांत पगारासोबत भत्त्यांची एक टोपली मिळते. जेवणाची कूपने, प्रवास, फोन, विमा यांतून नोकरदाराने हवे ते निवडावे आणि कर वाचवावा, अशी ही सोय. अमेरिकेत तिला ‘कॅफेटेरिया प्लॅन’ म्हणतात. पण तिथल्या कायद्याने एक अट घातली आहे. योजना वरच्या पगाराच्या मंडळींना झुकते माप देत असेल, तर त्या मंडळींची करसवलत जाते. म्हणजे लाभ कुणाला, हा प्रश्न कायदाच विचारतो.

आपल्याकडे हा प्रश्न कामगारानेच विचारला पाहिजे. जळगावच्या एमआयडीसीत चटई, पाईप आणि डाळीच्या कारखान्यांत, धुळ्याच्या अवधान वसाहतीत आपली माणसे राबतात. समजा, एकाचा पगार १४,००० रुपये आहे. पगारपत्रकात मूळ वेतन ६,०००, घरभाडे २,०००, प्रवास २,००० आणि ‘विशेष भत्ता’ ४,०००. भत्ते पाडल्याने तुझा कर वाचतो, अशी त्याची समजूत घातली तर? अहो, कर कसला? वर्षाचे उत्पन्न १ लाख ६८ हजार. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. ज्याला करच नाही त्याचे वाचणार काय? वाचते ते मालकाचे!

हिशेब करून पाहा. ६,००० वर १२ टक्क्यांनी भविष्य निधी ७२० रुपये. पण विशेष भत्ता सरसकट सर्वांना दरमहा मिळत असेल तर तो वेतनच आहे. म्हणजे १०,००० वर १,२०० रुपये हवेत. कामगाराचे ४८० आणि मालकाचे ४८०, असे महिन्याला ९६० रुपये बुडाले, वर्षाला ११,५२०. हातात जास्त पैसे येतात, असे मालक म्हणेल. येतात, ४८० येतात. पण मालकाने द्यायचे ४८० कायमचे जातात. ग्रॅच्युइटीही वेतनावरच मोजतात, तीही आटते.

हे केवळ आमचे मत नाही. सरसकट दिले जाणारे भत्ते भविष्य निधीसाठी मूळ वेतनातच धरावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील व्याख्येप्रमाणे वेतनातून वगळायचे घरभाडे, प्रवास आदी भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. ‘विशेष भत्ता’ हे नाव तर वगळायच्या यादीतच नाही.

आता आपल्यातील शिकलेल्या नोकरदारांशी दोन शब्द. नवी करपद्धत निवडली असेल तर घरभाडे व प्रवास सवलतीची वजावट मिळत नाही. जुनी निवडली असेल तर भाडे खरे असावे, पावती खरी असावी. वर्षाला एक लाखावर भाडे असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. खोटी पावती जोडून दोन पैसे वाचवणाऱ्याच्या दारी उद्या नोटीस येते, तेव्हा करसल्लागार सोबत उभा राहत नाही. आणि आरक्षणाने मिळालेल्या नोकरीवर बोट ठेवायला लोक टपलेलेच असतात, हे विसरू नये.

एप्रिल १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. वेतन ही मालकाची मेहेरबानी नाही, कायद्याने मोजून घ्यायचा हक्क आहे, हा त्याचा अर्थ. तो हक्क आज पगारपत्रकाच्या रकान्यांत हरवतो आहे.

म्हणून प्रत्येक कामगाराने पगारपत्रक मागावे; ते देणे मालकावर बंधनकारक आहे. यूएएन क्रमांक टाकून भविष्य निधीचे पासबुक पाहावे आणि दोन्हींतील आकडे जुळवावेत. विहारात रविवारी जमतो तेव्हा वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला ते वाचून दाखवावे. तफावत दिसली तर एकट्याने भांडू नये, दहा जणांनी मिळून लेखी तक्रार द्यावी. एकट्याला कामावरून काढणे सोपे असते, दहा जणांना नाही.